जावयाची कॉलर

आमच्या थोरल्या आत्याला औषधांचा भारी शौक. खायच्या नव्हे, स्वतःला ताप आला तर ती सुंठीवर भागवायची. शेतातल्या औषधांचा. दारव्ह्याजवळ तिचं शिमला मिरचीचं शेडनेट होतं. नवीन बाटली आली की बाजारातल्या पातळासारखी ती उजेडात धरून, उलटसुलट करून पाहायची. मला बारावीला रसायनशास्त्राने काठावर सोडलेलं, तरी "तू सायन्सवाला" म्हणून हाक मलाच.

दोन औषधं एकत्र करायची तर आधी काचेच्या बरणीत, अंगणात, सगळ्यांना वाऱ्याकडे पाठ करून उभं करून. मग ती क्रिकेटची शेवटची ओव्हर असल्यासारखी बरणीकडे डोळे लावायची. काही झालं नाही तर तोंड उतरायचं. चोथापाणी वेगळं झालं की टाळी. "पाह्य, फाटलं. म्या म्हनलं नोतं?" जे फाटलं नाही त्यालाही लगेच शेतात प्रवेश नसे. "आज गुण्यागोविंदानं राहून राह्यले. उद्या पाहू."

फक्त एका जोडीची परीक्षा तिने कधी घेतली नाही. मिरचीच्या मुळांना गाठी आणणारे किडे मारायला ती लागवडीआधी ठिबकमधून एक औषध सोडायची. मातीत त्याचा वायू होतो. आणि नळ्यांत साचलेला चुना काढायला ॲसिड. "हे दोघं बरणीतबी नाई. ह्यांचा तमाशा पाहाले आपन उरत नाई." एकाचं काम झालं की साधं पाणी सोडत राहायचं, आणि ती "हो" म्हणाल्याशिवाय दुसऱ्याचं झाकण उघडायचं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिचे जावई प्रवीणराव आले. मदतीचा उत्साह दांडगा. टाकीत औषध भरलेलं, लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून त्यांनी ॲसिडचा कॅन उचलला. "एका पान्यात दोन कामं होऊन जाते, आई."

"ठेवा ते खाली, जावईबापू," आत्या बांधावरून ओरडली. पण धार टाकीत पडली होती. सडक्या अंड्यांचा वास उठला. पळण्यात आमच्या घराण्यात मला तोड नाही. रस्त्यावर पोचून मागे पाहिलं, तर आत्या नाकाला पदर लावून उलट टाकीकडे धावत होती. तिने जावयाची कॉलर धरली आणि त्यांना फरफटत माझ्यापर्यंत आणलं.

जावयाला आमच्याकडे पाटावर बसवून ओवाळतात. कॉलर धरून ओढल्याचं ऐकिवात नव्हतं. प्रवीणराव डोळे पुसत खोकत होते, आत्या धापा टाकत होती, आणि आता हे न जेवता एसटी पकडणार अशी माझी खात्री झाली.

शेवटी ते म्हणाले, "आई, आता सोडा जी."

"श्वास बराबर येते काय?"

"येते."

"मंग ठीक," म्हणून तिने मूठ उघडली. तरी दवाखान्यात नेलंच, आणि तिथे डॉक्टरला सगळी हकीकत इतक्या रंगात येऊन सांगितली की जावईसुद्धा खोकता खोकता हसले.

आत्या गेल्या हिवाळ्यात गेली. शेडनेट आता प्रवीणराव पाहतात. यंदा नळ्या ॲसिडने धुऊन झाल्या, साधं पाणी सोडून झालं, आणि औषध भरायच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. लाईट आली. झाकणाला हात लावायला दोघांतलं कोणी पुढे होईना.

"भाऊ, तुमी 'हो' म्हना," ते म्हणाले. "कोनी म्हनल्याबिगर माह्या हात जात नाई."

मी टाकीत वाकून पाहिलं. मला काही कळलं नाही. "आनखी एक दिवस साधं पानी सोडू," मी म्हणालो.

"मीबी तेच म्हनून राह्यलो," असं म्हणत त्यांनी ताबडतोब व्हॉल्व्ह उघडला. मग आम्ही दोघं बांधावर बसून नळ्यांच्या टोकांतून पाणी येताना पाहत राहिलो, लाईट जाईपर्यंत.