काचेच्या कडेवरचं नाव

पुण्याहून नगरची एसटी धरली. सत्त्याण्णवचा मार्च. जामखेडपलीकडच्या एका वस्तीवर मला गुन्हा कबूल करायला जायचं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत मेंदूचा संगणकावरचा नकाशा, म्हणजे अ‍ॅटलस, तयार होत होता. मेंदूचे पातळ काप काचेवर घेऊन, रंगवून मी स्कॅन करायचो. ठिकठिकाणच्या संशोधकांनी तोच नकाशा उघडावा, आपापली निरीक्षणं त्यावर मांडावीत, अशी कल्पना. मेंदू फेफऱ्यानं गेलेल्या एका गुरुजींचा. त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, तो एका अटीवर दिला होता: नाव बाहेर जाऊ नये, मुलीचं लग्न व्हायचंय. आमच्याकडे काचेच्या खरबरीत कडेवर पेन्सिलीनं नाव-गाव लिहायची पद्धत. स्कॅन करताना ती कड झाकायची राहिली. अकरा ठिकाणी सीड्या गेल्या. खरं सांगतो, पाठवण्याच्या आदल्या दिवशी ते नाव मला पडद्यावर दिसलं होतं. पुन्हा एवढ्या काचा कोण स्कॅन करणार, म्हणून गप्प बसलो.

वर्षानं शांताबाईंचं पत्र आलं. मुलीचं, सुनंदाचं, लग्न जमलं होतं. मुलगा एका मेडिकल कॉलेजात कॉम्प्युटरवर. त्याच कॉलेजात आमची सीडी होती.

सुप्याच्या अलीकडे टायर बसलं. पुण्याकडे जाणारी गाडी चौकशीला थांबली. मी तिच्या पायरीवर पाय ठेवलाही.

"ओ पावनं, तुमची गाडी ही हाय!" कंडक्टर ओरडला. "का बायकोनं माघारी बोलावलं?"

सगळे हसले. मी मुकाट्यानं परतलो.

केडगाव मागे पडलं, नगरला गाडी बदलली. पुढे उघडे माळ, ज्वारी काढलेली रानं. प्रत्येक थांब्यावर वाटे, इथंच उतरावं.

वस्तीवर पोचताच "जयभीम सायब! आदी जेवा," म्हणत शांताबाईंनी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वळून रश्शात शिजवलेली वेटोळी) वाढले. मी ताटाला हात लावला नाही. तसंच सगळं सांगून टाकलं.

शांताबाईंचा हात ताटावरच थांबला. "आता पोरीचं कसं वं?"

सुनंदा दारात उभी होती. "दिसलं हुतं, तरी धाडलं?"

"हो."

"आन् वर्सभर गप?"

"भीती वाटली."

"आमाला काय वाटत नव्हती व्हय?" ती आईकडे वळली. "आई, आपुन बी पोराकडच्यांपसून अण्णांचं फेफरं लपवलंच की. मी सांगते त्येला. मोडलं तर मोडलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी अकरा ठिकानी पत्रं लिवा. चुकून झालं म्हनून न्हाई. बघितलं आन् गप बसलो, असं लिवा. खाली सही करा."

जामखेडच्या स्टँडवर परतीच्या गाडीत बसलो, गुडघ्यावर वही घेतली. पहिलं पत्र त्याच कॉलेजला. 'अनवधानाने' लिहिलं. खोडलं. 'पाहूनही' लिहिलं.

"गाडी सुटू तरी द्या," शेजारचे म्हातारबा म्हणाले. "एवढी कसली घाई?"

मेंदूत भीतीची जागा कुठे असते, ते मी नकाशावर बोट ठेवून दाखवू शकतो. नोकरी जाईल, सुनंदाचं लग्न मोडेल, दोन्ही भीती सोबत घेऊनच मी परतलो. पण गाडी जामखेडमधून हलण्याआधी सही केली होती.