खोडलेला प्रश्न

माझ्या शेजारी बसलेली माझी विद्यार्थिनी मीनल वहीतला प्रश्न खोडरबरने खोडत होती. कागद फाटला तरी थांबेना.

मघाशी व्याख्याते सांगत होते, दीर्घिकेच्या कडेचे तारे गुरुत्वाच्या नियमात बसणार नाही इतक्या वेगाने फिरतात, म्हणजे तिथे न दिसणारं द्रव्य असणारच. तिने विचारलं, "सर, एवढ्या अंतरावर नियमच बदलत असेल तर?"

"बाळ, आधी नियम पाठ कर." सभागृह हसलं.

माझं डोकं फिरलं. ज्याचा कणही अजून कोणाच्या चिमटीत आला नाही, त्याच्या जोरावर हा माणूस पोरीला गप्प करतो.

सकाळी प्रॅक्टिकलला तिच्या लंबकाचं उत्तर पुस्तकाशी जुळेना, तेव्हाही ती अशीच खोडत होती. "जुळेल असं लिही," हे तिला मीच सांगितलं होतं.