आयनूचे सोयरे शोधायला पेनसिल्व्हेनियात

पिस्कॅटवेच्या आमच्या मराठी मंडळात नवं माणूस आलं की दहा मिनिटांत त्याचं नातं काढतात ते अप्पाकाका. "साताऱ्याचे का? मग आमच्या मावसबहिणीच्या जावेकडचे!" रिटायर झाल्यावर त्यांना माणसं पुरेनात, म्हणून भाषा धरल्या. जपानच्या उत्तरेकडच्या आयनू लोकांची भाषा कुठल्याच भाषेच्या नात्यातली नाही, असं वाचलं आणि पेटलेच. "असं कसं? आपल्यातलीच असणार!" मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेखही तयार. फक्त एका तज्ज्ञाची मान डोलायला हवी होती.

२००६ च्या ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजात आयनूवर खुलं व्याख्यान होतं. ड्राइव्ह करायला मी.

जाणार असाल तर याच दिवसांत जा. आय-७८ हायवेवर दोन्हीकडे झाडं लालभडक असतात. डेलावेअर नदीवरचा टोल फक्त जाताना. कॅन्टीनचं सूप मात्र चुकूनही घेऊ नका, आम्ही माझ्या तिखटमिठाच्या पुऱ्यांवर तगलो.

व्याख्यान संपताच काकांनी प्रोफेसरबाईंना गाठलं आणि मराठीशी जुळणारे आयनू शब्द धडाधड ऐकवले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

"असे थोडे शब्द कुठल्याही दोन भाषांत जुळतात," त्या म्हणाल्या. "लोकांनी आयनूला जपानीशी, सायबेरियाकडच्या भाषांशी, दक्षिणेतल्या बेटांशी, अगदी युरोपशीही जोडून पाहिलंय. एकही नातं सिद्ध झालेलं नाही."

काकांचा चेहरा उतरला. "मग आता ती बोलतं कोण?"

"मोजकीच म्हातारी माणसं. नातवंडं जपानी बोलतात. हल्ली काहीजण हट्टाने शिकतायत."

"आमच्या रियाचं तेच," काका नातीबद्दल मला मराठीत म्हणाले. "मी मराठी बोललो तरी उत्तर इंग्लिशमध्ये. शेवटी मीही इंग्लिशवर आलो."

परतताना अप्पाकाका गाडीत लेखाचे कागद चाळत बसले. कॉफीला थांबलो तेव्हा म्हणाले, "लेख कॅन्सल." मला फार वाईट वाटलं हो.

काकांच्या घरी दार रियाने उघडलं. "हाऊ वॉज इट, आजोबा?"

काका उंबऱ्याबाहेरच थांबले. "मराठीत विचार, तर सांगतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच झाडांची पानं बघायला लागले.

"कसं... झालं?"

"सपशेल आपटलो!" काका खुशीत म्हणाले.

"आपटलो म्हणजे?"

काका पायरीवरच बसले आणि पहिल्यापासून सुरू झाले. मी गाडीपाशी पोचले, तरी दोघं अजून सायबेरियातच होती.