आठावर थांबा

भट्टीच्या लोखंडी दारावर खडूनं लिहिलेल्या चार ओळी सापडल्या. साहेबांनी त्या कागदावर उतरवून घेतल्या आणि पंडितला बोलावलं. पंडित हा भट्टीवरचा जुना लोहार. कविता मोजायची कशी ते त्याला यायचं, म्हणून हे नाव.

"वाचा. लिहिणाऱ्याला आजच घरी बसवणार आहे."

भट्टी गिळते घाम उभा,
साहेबाला झोप-मुभा.
दार कुरकुरे, भिंत हसे,
आम्ही सारे गप्प कसे?

पंडितनं ओळी मनात मोजल्या. आठ मात्रा, थांबा, मग सहा. ही चाल त्यानं एकाच माणसाला शिकवली होती, घणाच्या ठोक्यावर: स्वतःच्या मुलीला. ती चार महिन्यांपूर्वीच इथल्या वजनकाट्यावर लागली होती.

"जुनं पाठांतर असेल कुणाचं," तो म्हणाला.

"माझ्या झोपेवर? आधी उकलून दाखवा."

वेळ काढायला तो बोलू लागला. पण अर्धं काम त्याला कधी जमलंच नव्हतं. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन. जोडाक्षराआधीच्या किंवा अनुस्वार असलेल्या ऱ्हस्वाच्याही दोन, कारण तिथे आवाज आपटतो. 'उभा'ला 'मुभा', 'हसे'ला 'कसे', ही यमकं. दार कुरकुरतं ते ठीक, पण भिंत हसते, म्हणजे निर्जीवाचा माणूस केला. शेवटी प्रश्न, आणि उत्तर मुद्दाम दिलेलं नाही. तिथेच ओळ चावते.

साहेबांनी तिसरी ओळ बोटांवर मोजली. "चौदा. बरोबर?"

"अगदी," पंडित म्हणाला आणि खूश झाला. त्या खुशीनंच घात केला.

"कारखान्यात हे आणखी कुणाला येतं?"

वजनकाटा खिडकीतून समोरच दिसत होता.

"कुणाला नाही. मीच लिहिलंय."

"मग पुढची एक ओळ लिहा. इथेच."

पेन्सिल हातात आली तेव्हा त्याला खरी अडचण कळली. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी मोजल्या. स्वतःची एकही कधी जुळवली नव्हती. कपाळावरचा घाम कागदावर टपकला. कशीबशी उतरली: 'कामगाराला न्याय कधी'. लिहितानाच कळलं, पहिला तुकडा नऊवर गेलाय. साहेबांना काय समजतंय, असं त्यानं मनाला बजावलं.

साहेब ओठ हलवत बोटं मिटत गेले. एकदा. मग पुन्हा, सावकाश.

"पंधरा होतात, पंडित."

"हात चुकला, साहेब."

"तुमचा? इतक्या वर्षांत ऐकलं नाही." साहेबांनी कागदाची घडी घातली. "ही चाल घरी कुणाला शिकवलीत?"

खिडकीकडे पाहायचं नाही, असं पंडितनं ठरवलं. मान तिकडेच वळली.