बोहारणीचं बिल

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम., तेही पहिल्या फटक्यात. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगतो. अंबडला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात मी अकाउंट्सला होतो. वस्तीत कुणाचा सरकारी कागद अडला की माणूस आमच्याच दारात यायचा. त्यामुळे ताईने गोधड्यांचा धंदा काढायचं ठरवलं तेव्हा कागदाची बाजू कुणी बघायची, हा प्रश्नच नव्हता.

ताई नांदगावहून, सासरहून निघून आली होती. नवरा मारायचा. थोडक्यात सांगतो, कारण तीही थोडक्यातच सांगायची. आई म्हणाली, "राहा, पण लोक विचारतील." ताई म्हणाली, "विचारू देत. तोवर मी माझं पोट भरायला लागेन." तिला परत जायचं नव्हतं. सगळा खटाटोप त्यासाठी होता.

गोधडी ही आमच्याकडे विकायची वस्तूच नव्हती. ज्याच्या घरची जुनी लुगडी, त्याची गोधडी. शिवणारीने फक्त मजुरी घ्यायची. विकायची तर लुगडी आणायची कुठून? नवी चालत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलंच कापड अंगाला लागतं. दारावर बोहारीण यायची, भांडी देऊन जुने कपडे नेणारी. ताईने आपल्या लग्नातली स्टीलची भांडी काढली आणि व्यवहार उलटा केला.

"अगं बाई, जन्म गेला माझा भांडी देऊन कापडं नेण्यात," बोहारीण म्हणाली, "आन् तू मलाच भांडं देती?"

"घे की मावशी. पण तो फाटका परकर नको. खालचं लुगडं काढ."

"लय चावट हाय तू."

शेजारच्या दोन बाया शिवायला बसू लागल्या. पहिल्या गोधड्या आमच्याच शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानदाराने ठेवून घेतल्या. तिथेच मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्या पाहिल्या. माल दर महिन्याला हवा म्हणाला. पण त्याला पक्कं बिल हवं होतं, विक्रीकराच्या नंबरासकट. मी अर्ज केला, अनामत भरली, पावत्यांची पुस्तकं छापून आणली. नंबर आला तेव्हा ताईने विचारलं, "माझ्या नावावर?"

"मग कुणाच्या? तू प्रोप्रायटर."

त्या दिवसापासून शिवणाऱ्या बाया तिला सोडेनात. "प्रोप्रायटरबाई, दोरा संपला. प्रोप्रायटरबाई, चहा टाकताय ना?" ताई खोटं खोटं रागवायची. सासरहून आल्यापासून ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती.

मग विक्रीकराचे इन्स्पेक्टर आले. माणूस वाईट नव्हता. गोधडीवरून हात फिरवला, चहा घेतला आणि खरेदीची बिलं मागितली.

"साहेब, बोहारीण कुठलं बिल देणार?"

"अहो, मग मी तपासू काय? व्हाउचर करा. नाव, गाव, सही नाहीतर अंगठा. बिलाशिवायच्या खरेदीवरचा कर तुम्हाला भरावा लागेल, तो वेगळा."

त्यांचं बरोबर होतं. मी व्हाउचरं केली, शाईचा पॅड आणला. बोहारीण आली तशी ताईने ते सगळं तिच्यापुढे ठेवलं.

"अंगठा कशापायी?"

"सरकारला दाखवायला, मावशी," मी म्हणालो. "तुम्हाला काही होणार नाही."

"माझ्या सासऱ्याला बी असंच सांगितलं व्हतं. एक अंगठा दिला, जमीन गेली." तिने बोचकं बांधलं. ताई तिचा हात धरून म्हणाली, "अगं मावशी, मी आहे ना!" तिने हात सोडवून घेतला, पण हळूच.

त्यानंतर आमच्या गल्लीत एकही बोहारीण आली नाही. पलीकडच्या गल्लीतून त्यांची हाळी ऐकू यायची. ताई धावत जायची तर त्या बोचकी उचलून चालू लागायच्या. त्या घरात अंगठे घेतात, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

ताई एकदा म्हणाली, "तूच लिही ना चार नावं."

"आणि अंगठे कुणाचे? माझे?" मी लिहिली नाहीत. आजही लिहिणार नाही.

मग दुकानातून बिलावर नवं कापड आणलं. खर्च वाढला, करही लागला. गोधडी ताठ झाली. व्यापाऱ्याने गठ्ठा परत पाठवला. गिऱ्हाईक हात लावतं आणि ठेवून देतं, म्हणाला. बायांची मजुरी ताईने उरलेली भांडी मोडून दिली.

दिवाळीनंतर तिचा नवरा दोन वडीलधारी माणसं घेऊन आला. ओसरीवर बसून म्हणाला, "झालं का दुकान?"

मी ताईला आत नेलं. म्हणालो, "तू राहा. माझा पगार आहे."

"तुझ्याच पगारावर राहायचं होतं तर एवढं केलं कशाला, भाऊ?" ती म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. आईने तिला अडवलं नाही. मीही नाही.

धंदा बंद केल्याचा एक अर्ज दिला की नंबर रद्द होतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तो अर्ज मी दिला नाही. दर तिमाहीला विवरणपत्र भरायचो. खरेदी निरंक, विक्री निरंक. खाली प्रोप्रायटरची सही लागते, ती घ्यायला एस.टी.ने नांदगावला जायचो. बहिणीला भेटायला आलेला भाऊ तिच्या सासूला चालत नसे; पण सरकारी कागदाला नाही म्हणायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

ताई ओले हात पुसत बाहेर यायची. सासू दारात उभी असायची. मी बोट ठेवीन तिथे ताई सही करायची. मी तिचं मनगट, गाल, कपाळ बघून घ्यायचो. कधी काही दिसायचं, कधी नाही. मग कागद परत देताना ती अगदी हळू विचारायची, "अजून आहे का रे नंबर?"

"आहे ना," मी म्हणायचो. "तुझ्याच नावावर आहे."