मादाम इन्शिराहचा साबणाचा थेंब

मादाम इन्शिराह निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी तिच्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.

मन्सूरा विद्यापीठातल्या आमच्या औषधशास्त्र विभागात ती साधी प्रयोगशाळा-सहायक होती. पण आम्ही पदव्यांची शेपटं लावलेले सगळे डॉक्टर तिच्या टेबलाशी हात बांधून उभे राहायचो. जंतूला आपली भिंत बांधायला जे एन्झाइम लागतं, ते तिच्या ताब्यात असायचं. त्याच्या खोबणीत रुतून बसेल आणि त्याचं काम बंद पाडेल असा रेणू आम्ही संगणकावर रचायचो, मग महिनोन्‌महिने खपून तयार करायचो. तो खरंच काम बंद पाडतो का, हे इन्शिराह सांगायची. बर्फाचं यंत्र कायमचं बिघडलेलं, म्हणून ती सकाळी येताना मासळीवाल्याकडून बर्फ आणायची. एन्झाइमच्या डब्याला त्या बर्फाचा वास लागायचा. कुणी नाक मुरडलं की म्हणायची, "तुमच्या रेणूंपेक्षा बरा आहे."

माझा सतरा नंबरचा रेणू चार वर्षांचा. प्राध्यापकपदाची बढती त्याच्यावरच अडलेली. पहिल्या चाचणीत त्यानं एन्झाइम जवळजवळ थांबवलं, तेव्हा मी अख्ख्या विभागाला बसबूसाची मिठाई वाटली.

"मादाम, तोंड गोड करा."

"थांबा, डॉक्टर शौकत. अजून थेंब टाकलेला नाही."

बाटलीतून तिनं साबणाच्या द्रावाचा एक थेंब टाकला. अर्ध्या तासात यंत्रावर एन्झाइमच्या कामाचा आकडा चढत गेला.

"गेला," ती म्हणाली.

"काय गेला?"

"तुमचा सतरा. पाण्यात गुठळ्या धरतो. एन्झाइम त्या गुठळ्यांना चिकटतं, म्हणून बंद पडल्यासारखं दिसतं. साबणानं गुठळ्या फुटल्या, ते लागलं कामाला. खोबणीत बसला असता तर साबणानं हलला नसता."

"थेंब जास्त पडला असेल. हल्ली तुमचा हात कापतो."

"कापतो ना? मग तुम्हीच टाका." तिनं बाटली पुढे सरकवली. मी हात लावला नाही.

"तुम्हाला कुणाचं भलं बघवतच नाही, मादाम."

"जंतूला तुमची बढती कळत नाही, त्याला मी काय करू?"

मी सतरा गुपचूप कैरोतल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवला. साबणाबद्दल चकार शब्द काढला नाही. आकडा झकास आला, लेख छापला, बढती मिळाली. आणि तिची जिरवायची म्हणून लेखाच्या शेवटी, एन्झाइमच्या चाचण्यांबद्दल, तिचं नाव घेऊन आभार मानले, म्हणजे सतरा तिनंच पास केला असं दिसेल. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

जेवणाच्या सुट्टीत ती लेख घेऊन आली. माझ्या हातात तामियाच्या भज्याचा घास, भोवती सगळा विभाग.

"माझं नाव काढा."

"अहो, आभार मानलेत, शिवी नाही दिली."

"शिवी चालली असती. तीस वर्षं तुम्ही लोक मला शिव्याच देताय. पण माझा आकडा खोटा असं कुणी म्हटलं नव्हतं."

"छापलेलं आता निघत नाही. लेखच मागे घ्यावा लागेल."

"मग घ्या."

मी हसलो. तिनं ती बाटली माझ्या उसळीच्या वाटीशेजारी ठेवली. "एकदा स्वतःच्या हातानं टाकून बघा," म्हणाली आणि गेली. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत तिनं माझ्या सलामाला उत्तर दिलं नाही. निरोपाच्या दिवशीसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात अस्वानच्या एका डॉक्टरांचं पत्र आलं. भाजलेल्या रोग्यांच्या वॉर्डात काम करतात. त्यांनी लेख वाचला होता. लिहिलं होतं, आमच्याकडची सगळी औषधं हरली आहेत, तुमचा सतरा पुढच्या चाचण्यांना कधी जाणार?

मी दार लावून घेतलं, सतराची चाचणी पुन्हा मांडली आणि तिच्या बाटलीतला थेंब टाकला. एकच, मोजून. अर्ध्या तासात एन्झाइम कामाला लागलं.

त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. इन्शिराहचं घर मला ठाऊक आहे, कालव्यापलीकडे, चालत वीस मिनिटं. तिथंही गेलेलो नाही. गेलो तर ती चहासुद्धा विचारणार नाही. दारातच विचारेल, नाव काढलंत का?