डोलीवरची चादर

ते प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. निजामाच्या अमदानीत मी औरंगाबाद शहरात अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. एका सकाळी हिमरूचं रेशमी नक्षीदार कापड विणणारा एक कारागीर ठाण्यात आला. त्याच्या तरण्या विधवा मुलीचं प्रेत आदल्या दिवशी आम्हीच विहिरीतून काढलं होतं. पंचनामा झाला होता. आत्महत्या म्हणून कागद बंद करायचे तेवढे राहिले होते.

तो म्हणाला, "अमीनसाब, विहिरीत ती स्वतः गेली, मला मालूम आहे. पण तिची गोष्ट ज्यानं बाहेर फोडली, त्याचं नाव मला पायजे."

हकीकत अशी होती. नवरा जाऊन वर्ष उलटल्यावर मुलीला दिवस गेले. गर्भ पडला, रक्त थांबेना, म्हणून सुईणीने दवाखान्याची डोली मागवली. रुग्णवाहिका तेव्हा शहरात नव्हती. अडल्यानडल्या वेळी भोई डोली घेऊन येत. डॉक्टर कडक होते. भोयांनी नाव विचारायचं नाही आणि रोग्यावर दवाखान्याचीच जाड चादर घालायची, असा त्यांचा नियम होता. मुलगी वाचली. पण ती घरी परतली तेव्हा गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून दारात उभ्या होत्या. दुसऱ्याच दिवशी तिने विहीर जवळ केली.

खबऱ्याने दवाखान्यातल्या कंपाउंडरचं नाव दिलं. माणूस बडबड्या होता, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. गल्ली त्याला तुडवायला टपली होती, म्हणून मी त्याला ठाण्यातच बसवून घेतला.

"साहेब, मलाबी लेकी हायेत. म्या कशाला बोलू?" एवढंच तो दिवसभर म्हणत राहिला. खोटं बोलणारा माणूस दर वेळी नवा तपशील जोडतो. याने एक शब्द वाढवला नाही.

कुणी सांगितलं, असं विचारलं की गल्लीत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून औरंगपुऱ्यातल्या पानवाल्याला मी वेगळं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"डोली हितून गेली तवाच की."

"दवाखान्यात जाताना की येताना?"

"जाताना, साहेब."

म्हणजे कंपाउंडरने तिचं तोंडही पाहिलं नव्हतं तेव्हा! मी त्याच्यावर खेकसलो, "मग सांगितलं कुणी?"

"सांगाया कशाला पायजे? डोलीवर जांभळी हिमरू, त्यावर डाळिंबाची बुट्टी. तसली बुट्टी शहरात एकच माणूस काढतो. त्याच्या घरात तरणी बाई एकच. संगं सुईण चाललेली, नि खाली रक्त गळतंय. लई डोकं लागत नाय त्याला."

सुईणीला बोलावलं. तिने खालमानेने सांगितलं, "दवाखान्याच्या चादरीला जुने डाग व्हते. असली घाण माझ्या लेकीवर नको म्हणून तिच्या आईनं ती फेकली नि घरातली चांगली चादर घातली."

मी बापाला एकट्याला बोलावून हे सांगितलं. ती चादर त्यानेच विणलेली होती. तो म्हणाला, "तिच्या अम्मीला नका सांगू." उठला, कंपाउंडरचा हात धरला आणि भर चौकात नेऊन हा माणूस बेकसूर आहे असं त्याने सर्वांना ऐकवलं. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. कोणी इसम दोषी नाही, असा शेरा मारून मी कागद बंद केले.

नोकरीत मी चहाड्या करणारे पुष्कळ पाहिले, पण इथे तोंडाने कुणी काहीच फोडलं नव्हतं. रस्त्यावरच्या लोकांनी नुसतं पाहिलं होतं, आणि नुसतं पाहिल्याबद्दल मी कुणाला आत टाकणार? त्या हतबलतेचा राग अजून गेलेला नाही.

मुलीचे कपडे परत द्यायला गेलो तेव्हा आई दारात आली. "कुणी केलं, साहेब?"

"कळलं नाही, अम्मा."

"म्या तर तिला पुरती झाकली व्हती," ती म्हणाली. "बोटसुद्धा दिसू दिलं नव्हतं."

रस्त्यात रुग्णवाहिका थांबलेली दिसली की आजही मी तिच्याकडे पाठ करून उभा राहतो.